मीटरचा लाल दिवा म्हणजे आत्मा नाही

मागच्या रविवारी आमच्या इथे दोन पॅरानॉर्मल इन्व्हेस्टिगेटरांचं, म्हणजे भुताखेतांचा शोध घेणाऱ्यांचं, व्याख्यान झालं, हॉल गच्च भरलेला, मीपण गेलो होतो. त्याची क्लिप आता सगळ्या ग्रुपवर फिरतेय, की आत्मा म्हणजे ऊर्जा, ऊर्जा नष्ट होत नाही, आणि ती मशीनवर सिद्ध झालीय. बावीस वर्षं वायरिंगची कामं करतोय, त्यामुळे मला गप्प बसवत नाही.

पहिलं म्हणजे ऊर्जा नष्ट होत नाही हे खरंच आहे, पण माणूस गेला की अंगातली ऊब हवेत जाते, बाकीची चितेत नाहीतर मातीत, सगळा हिशोब लागतो. वाड्यात फिरायला काही उरत नाही.

आता ते मशीन. के-टू मीटर, हिरव्यापासून लालपर्यंत पाच दिवे. वायरी आणि उपकरणांभोवतीचं विद्युतचुंबकीय क्षेत्र बघायचं यंत्र आहे ते, शेजारी मोबाईल वाजला तरी पेटतं. आणि हे लोक नेतात कुठे, तर जुन्या वाड्यात! तिथे लाकडी पट्टीवरचं वायरिंग, करंट आणणारी फेजची वायर एका भिंतीतून, तो परत नेणारा न्यूट्रल दुसऱ्याच सर्किटवरून उचललेला. दोन्ही वायरी जवळून गेल्या की एकमेकींचं क्षेत्र मारतात, लांब गेल्या की खोलीभर पसरतं. मग खालच्या बिऱ्हाडातला फ्रीज सुरू झाला की वर दिवे लाल, बंद झाला की हिरवे, आणि हे म्हणणार "ते आले, ते गेले". प्रश्नोत्तरात मी विचारलं की मेन स्विच पाडून, सगळ्यांचे मोबाईल बंद करून दाखवता का, तर वेळ संपली म्हणाले.

मग त्यांचा राजस्थानातल्या भानगढ किल्ल्याचा मुद्दा, की सरकारनेच भूत मान्य केलंय. पुरातत्त्व खात्याच्या त्या बोर्डावर भूत हा शब्दच नाहीये, रात्रीबद्दल सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी जायचं नाही एवढंच आहे. शेजारी सरिस्काचं जंगल, बिबटे फिरतात. संध्याकाळी कुलूप तर शनिवारवाड्यालाही लागतं.

"पण लोकांना खरंच जाणवतं ना!" हो, जाणवतं, ते खोटं बोलत नाहीत. इंग्लंडात विक टँडी नावाच्या इंजिनिअरला लॅबमध्ये गार घाम फुटला, नजरेच्या कडेला करडी आकृती दिसली. दुसऱ्या दिवशी शिकंज्यात धरलेलं तलवारीचं पातं आपोआप थरथरायला लागलं, तेव्हा त्याने शोधलं, तर नवा एक्झॉस्ट फॅन सुमारे 19 हर्ट्झचा, कानाला न ऐकू येणारा आवाज करत होता; घाम आणि आकृती त्यामुळेच, असं त्याचं म्हणणं. फॅनची बसवणूक बदलली, थरथर गेली. 1998 मध्ये त्याने ते छापलं. दरवेळी कारण हेच असतं असं मी म्हणत नाही, पण त्याने शोधलं तरी.

मला राग का येतो ते सांगतो. एका गिऱ्हाइकाकडच्या आजी म्हणायच्या, न्हाणीघरातल्या नळाला हात लावला की अंगातून कुणीतरी जातं. लिंबू उतरवून झालं, नारळ झाला, महिना गेला. शेवटी नातवाला झिणझिण्या आल्या तेव्हा मला बोलावलं. नळाला टेस्टर लावला, पेटला. गीझरचं एलिमेंट फुटलेलं, अर्थिंगची वायर तुटून लोंबत होती. त्याच दिवशी एलिमेंट बदललं, अर्थिंग केलं, 30 मिलीअँपचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाईन तोडणारा स्विच, बसवला. महिनाभर ते पोरगं रोज त्या नळाखाली आंघोळ करत होतं.