"चांगल्या कोडला कमेंट लागत नाही" म्हणे

सोलापुरातल्या आपल्या इंजिनिअरिंग-बीसीएच्या पोरांच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय, चांगल्या कोडला कमेंट (म्हणजे कोडमध्ये माणसांसाठी लिहिलेली टीप, मशीन ती चालवत नाही) लागत नाही, कमेंटनं प्रोग्राम स्लो होतो, कमेंट जुन्या होऊन खोटं बोलतात, आणि लिहायचीच तर इंग्लिशमध्ये. पहिल्या वर्षाची पोरं हे खरं मानून कमेंट पुसायला लागलीत म्हणून लिहितोय.

स्लो होतो हे साफ चूक. सी भाषेचा कंपायलर (कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम) कमेंटच्या जागी एक स्पेस धरतो, पायथन भाषा कोडचा बाइटकोड, म्हणजे प्रत्यक्ष चालवायचं रूप, बनवताना ती सोडूनच देते. विषय संपला.

आता मोठा मुद्दा. चांगली नावं दिली की कोड काय करतो ते कळतं, मान्य, पण का करतो ते कुठून कळणार? समजा चादर-टॉवेलच्या होलसेल दुकानासाठी बिलाचा प्रोग्राम केलाय. टॉवेलची संख्या १२ ने भागून उत्तर वरच्या पूर्णांकाला नेलंय, म्हणजे ३० टॉवेल मागितले तर ३ डझनाचं बिल. त्यावर "इथे १२ ने भागले" अशी कमेंट टाकली तर काही उपयोग नाही, ते दिसतंयच की. पण "दुकानदार डझन फोडून देत नाही, ३० मागितले तरी ३६ घ्यावे लागतात" एवढं लिहिलं तर पुढं ज्याच्या हातात तो कोड जाईल तो याला बग समजून दुरुस्त करायला जाणार नाही, नाहीतर तो अडीच डझनाचं बिल काढणार आणि माल मात्र ३ डझन जाणार. दुकानाचा हा नियम व्हेरिएबलच्या नावात कसा मावणार, सांगा.

जुन्या कमेंट दिशाभूल करतात हे मात्र खरंय. पायथनच्या २००१ च्या पेप ८ मध्येच (कोड कसा लिहावा याची पायथनची अधिकृत नियमावली) म्हटलंय की कोडशी न जुळणारी कमेंट नसलेल्या कमेंटपेक्षा वाईट. पण त्याच्या पुढचंच वाक्य फॉरवर्डवाल्यानं सोडलंय, कोड बदलला की कमेंटही अपडेट ठेवायला प्राधान्य द्या. लिहूच नका असं तिथं कुठंय?

राहिलं इंग्लिशचं. पायथन ३ कोडची फाइल मुळातच यूटीएफ-८ (मराठीसकट जगातल्या लिप्या साठवायची पद्धत) धरतो, मराठी कमेंट बिनधास्त चालते. टीममध्ये बाहेरची माणसं असतील तर इंग्लिश लिहा, पण शिकताना इंग्लिश वाक्य जुळवता येईना म्हणून कारणच न लिहिणं हे जास्त वाईट, तेव्हा पोरांनो, पुसलेल्या कमेंटपैकी ज्यांत "कारण" होतं त्या आजच परत टाका.