समुद्र कुठल्या हाताला ठेवायचा? एका खरमरीत प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

आधी चूक कबूल करतो, म्हणजे पुढचं भांडण मोकळेपणानं करता येईल.

किनाऱ्यालगतच्या छोट्या गावांमधून उन्हाळ्यात गाडीनं कसं हिंडायचं, या माझ्या लेखावर तुम्ही चार गोष्टी सुनावल्यात. दिवसाला दीडशे किलोमीटरची मर्यादा म्हणजे निवृत्त लोकांची सहल. भरती-ओहोटीच्या वेळा बघायला आपण काय मासेमारीला निघालोय? पहाटे उठायचं तर सुट्टी घ्यायचीच कशाला? आणि चौथी, मला सगळ्यात झोंबलेली: ‘समुद्र डाव्या हाताला ठेवा’ हा माझा सल्ला ऐकून तुम्ही कॅलिफोर्नियात दक्षिणेकडून उत्तरेकडे निघालात आणि तीन दिवस समोरून येणाऱ्या गाड्यांच्या फटीतून समुद्र बघत राहिलात. शेवटी विचारलंत, ‘हा प्रवास आहे की परीक्षेचं वेळापत्रक?’

चौथ्या मुद्द्यावर माझी बाजू मांडायला जागाच नाही. ते वाक्य मी डावीकडून गाडी चालवण्याच्या सवयीनं लिहिलं होतं आणि पुढे ‘जिथे वाहतूक डावीकडून चालते तिथे’ एवढे शब्द घालायचे राहिले. खरा नियम असा: तुमची मार्गिका ज्या हाताला, त्याच हाताला समुद्र हवा. डावीकडून वाहतूक असेल तर समुद्र डावीकडे, उजवीकडून असेल तर उजवीकडे. म्हणजे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर उत्तरेकडून दक्षिणेकडे यायचं. ऑस्ट्रेलियातल्या ग्रेट ओशन रोडवर वाहतूक डावीकडून आणि समुद्र रस्त्याच्या दक्षिणेला, म्हणून पूर्वेकडून पश्चिमेकडे जायचं. देखाव्याचा प्रश्न यात दुय्यम आहे. थांबण्याच्या जागा बहुतेक समुद्राच्या बाजूला असतात. पलीकडच्या मार्गिकेतून तिथे वळायचं म्हणजे समोरची वाहतूक कापायची, तीही बऱ्याचदा आंधळ्या वळणाच्या आसपास. उलट्या दिशेनं जाणारा शहाणा चालक तीन-चार जागा सोडून देतो, पाचवीला चिडून वळतो.

तुमच्या नशिबी आणखी एक त्रास आला असणार, तो तुम्ही लिहिला नाहीत. तुमच्या वाटेवरचा, कॅलिफोर्नियातल्या बिग सर भागाचा किनारा सरळ उत्तर-दक्षिण नाही, तो वायव्येकडून आग्नेयेकडे उतरतो. आणि त्या अक्षांशावर ऐन उन्हाळ्यात सूर्यही वायव्येच्या बाजूला मावळतो. म्हणजे संध्याकाळी तुम्ही जवळजवळ सूर्यबिंबाच्या दिशेनंच गाडी हाकत होतात. उतरत्या उन्हात समोरची काच मिठानं आणि धुळीनं मळलेली असेल तर पुढचं वळण दिसत नाही. ग्रेट ओशन रोडवर तर मार्गिकेचा नियम आणि संध्याकाळी सूर्याकडे तोंड न करण्याचा नियम एकमेकांशी भांडतात: समुद्राच्या बाजूनं जायचं तर पश्चिमेकडे जावं लागतं, आणि संध्याकाळी ऊन थेट डोळ्यांत. अशा ठिकाणी मी मार्गिकेचा नियम पाळतो आणि गाडी सकाळी चालवतो. ऊन टाळायला वेळ बदलता येते, समुद्राची बाजू बदलता येत नाही. लेखातलं वाक्य आज दुरुस्त केलं आहे.

आता भांडण. दीडशे किलोमीटरवरून मी हटणार नाही.

नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावर ई-39 नावाचा रस्ता आहे, क्रिस्तियानसान ते त्रॉनहाइम. लांबी सुमारे 1,100 किलोमीटर, वाटेत सात फेरीबोटी, आणि लागणारा वेळ जवळपास 21 तास. भागाकार करा, ताशी पन्नासच्या जरा वर पडतात. आणि हा त्या किनाऱ्याचा मुख्य रस्ता आहे, गावांतून वळसे घेत जाणारी वाट नव्हे. किनारा खाड्यांनी आणि भूशिरांनी कुरतडलेला असतो. समोरचं गाव पक्ष्याला आठ किलोमीटर असलं तरी रस्ता खाडीच्या टोकापर्यंत आत जातो, पूल सापडला की ओलांडतो आणि दुसऱ्या काठानं परत समुद्राकडे येतो. छोट्या गावांतून जाणाऱ्या वळणांच्या रस्त्यावर मी ताशी चाळीसचा हिशेब धरतो. दीडशे किलोमीटर म्हणजे पावणेचार तास. त्यात अर्ध्या-अर्ध्या तासाचे चार थांबे, एक जेवण आणि एक चुकलेलं वळण घाला, सात तास सहज झाले. फोनवरचा नकाशा फक्त चाकं फिरत असतानाचा वेळ सांगतो. दर वळणावर ‘थांबा ना!’ म्हणणारी माणसं त्याच्या गाडीत बसलेली नसतात.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. काही वर्षांपूर्वी अशाच एका फेरीत नकाशा तीन तास दहा मिनिटं म्हणत होता आणि शेवटची फेरीबोट पावणेसातची होती. आम्ही चार तास हातात ठेवून निघालो आणि स्वतःला फार हुशार समजत होतो. दोन ठिकाणी फोटो, एका दगडांच्या ट्रकमागे पाऊण तास, एकदा मुलीची उलटी. धक्क्यावर पोचलो तेव्हा बोट पाण्यात पन्नास फूट पुढे गेलेली. पलीकडच्या काठावर आमच्या मुक्कामाच्या घराचे दिवे दिसत होते. वारा आमच्याकडे असल्यानं तिथलं कुत्रं भुंकलेलंही ऐकू येत होतं. वळसा चौसष्ट किलोमीटरचा निघाला, अंधारात, अनोळखी रस्त्यावर. पोचल्यावर कुणी कुणाशी बोललं नाही. दोष पूर्णपणे माझा. बोट अगदी वेळेवर सुटली होती.

रस्ता बंद असण्याची शक्यताही धरायला हवी. तुम्ही ज्या महामार्ग क्रमांक 1 वरून गेलात, त्यावर मे 2017 मध्ये मड क्रीकपाशी अख्खी डोंगरकडा समुद्रात घसरली आणि तो तुकडा जुलै 2018 मध्ये पुन्हा खुला झाला, म्हणजे चौदा महिन्यांनी. एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला पाणी असलं की जवळचा पर्यायी रस्ता नसतोच. इटलीत अमाल्फीच्या किनाऱ्यावर वेगळीच अडचण. रस्ता इतका अरुंद आणि उन्हाळी गर्दी इतकी, की 2022 पासून गर्दीच्या दिवसांत पाहुण्यांच्या गाड्यांना सम-विषम क्रमांकाचा नियम लावला गेला. भाड्याच्या गाडीचा शेवटचा आकडा तुमचा दिवस ठरवणार. म्हणून निघण्याच्या आदल्या रात्री त्या भागाच्या रस्ते खात्याची सूचना बघायची. पाच मिनिटांचं काम आहे.

भरती-ओहोटीबद्दल तुम्ही चेष्टा केलीत, ती भूमध्य समुद्रासाठी मान्य. तिथे बहुतेक ठिकाणी पाणी वितीभर चढतं-उतरतं. वेळापत्रक घरी ठेवा. पण कॅनडातल्या फंडीच्या उपसागरात हाच फरक सोळा मीटरपर्यंत जातो, चार-पाच मजली इमारतीएवढा. फ्रान्समध्ये न्वारमूतिए बेटाकडे जाणारी ‘ग्वा’ नावाची वाट चार किलोमीटरहून थोडी जास्त आहे आणि दिवसातून दोनदा पाण्याखाली जाते. अडकलेल्या माणसांना चढून बसता यावं म्हणून वाटेत खांबांवर मचाणं उभारली आहेत. इंग्लंडच्या ईशान्येला लिंडिसफार्न बेटाकडे जाणाऱ्या रस्त्यावरही उंच खांबांवर अशीच खोपटी आहे. तिथे ओलांडण्याच्या सुरक्षित वेळा ठळकपणे लिहिलेल्या असतात, तरी दर वर्षी कुणाची ना कुणाची गाडी पाण्यात जातेच. ही माणसं मूर्ख नसतात. ‘पाणी अजून लांब आहे’ एवढंच ती डोळ्यांनी बघतात.

डोळे फसतात त्याचं कारण सोपं आहे. ओहोटीपासून भरतीपर्यंत साधारण सहा तास लागतात, पण पाणी सहा तास एकाच चालीनं चढत नाही. दर्यावर्दी लोक ढोबळ हिशेब करतात तो असा: एकूण चढाचे बारा भाग धरले तर पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन, मग दोन, मग एक. म्हणजे पहिला तास तुम्ही वाळूवर बसून म्हणता की काही होत नाही, आणि मधल्या दोन तासांत निम्मं पाणी अंगावर येतं. घट्ट दिसणाऱ्या ओल्या वाळूवर गाडी नेऊन लावणाऱ्यांचं नेमकं तिथेच चुकतं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे सगळ्यात कमी चढ-उतार, हे तुम्हाला ठाऊक असेलच. पण सहलीच्या तारखा ठरवताना सुट्टी बघितली जाते, चंद्र कुणी बघत नाही. बहुतेक किनाऱ्यांवर भरती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. सोमवारी सकाळी दहाला मोकळी असलेली खडकांमधली वाट शुक्रवारी दहाला पाण्याखाली असू शकते. ‘आम्ही गेल्या खेपेला इथूनच गेलो होतो’ हे वाक्य किनाऱ्यावर म्हणूनच बिनकामाचं. लहान बंदरांमधल्या बोटीसुद्धा मोठ्या ओहोटीला धक्क्याला लागू शकत नाहीत, त्यामुळे वेळापत्रकात असलेली फेरी प्रत्यक्षात रद्द होऊ शकते.

मासेमारीला निघायचं नसलं तरी हे एवढं बघावं.

पहाटे उठण्याच्या बाबतीत तुम्ही अर्धे बरोबर आहात, आणि खरं सांगायचं तर तुमच्या तक्रारीमुळेच मला माझ्या लेखातली दुसरी चूक दिसली. मी सकाळ रस्त्याला दिली होती, दुपारनंतर समुद्र. पण पाणी शांत असतं ते सकाळीच. ऊन चढलं की जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, जमिनीवरची हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरून वारा सुटतो. दुपारी तो जोरात असतो, संध्याकाळी पडतो. पोहायला, होडीतून जायला, पाण्याखालचं काही बघायला सकाळ हवी. तुमची मुलं दुपारी तीनला लाटांत उतरली आणि वाळू डोळ्यांत घेऊन परतली, यात माझा वाटा आहे. उलट जिथे किनाऱ्याजवळचं पाणी थंड आहे तिथे उन्हाळ्यात सकाळभर धुकं बसलेलं असतं. सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास तुम्ही ते अनुभवलंच असेल. तिथे पहाटे निघणाऱ्याला पांढरा पडदा बघायला मिळतो. तिथे खुशाल झोपा.

मग सकाळ कुणाला द्यायची? यावर मला सापडलेलं उत्तर म्हणजे प्रत्येक गावात दोन रात्री. एक दिवस रस्त्याचा, एक दिवस गावाचा. रस्त्याच्या दिवशी सकाळी निघायचं, गावाच्या दिवशी सकाळी पाण्यात जायचं. एकच रात्र राहिलात तर संध्याकाळी थकून पोचता, जेवता, झोपता, सकाळी सामान बांधता. गाव बघितलं असं म्हणण्यापुरतंही बघत नाही. आठ रात्रींत आठ गावं लिहून ठेवणारी माणसं मला माहीत आहेत, त्यांतला एक मी होतो. आता चार गावं धरतो. तुमच्या यादीत सहा रात्रींत सहा होती. तीन गाळा. कुठली तीन, यावर घरात वाद होईल, तो निघण्याआधी झालेला बरा.

राहायच्या जागांबद्दलही माझी भूमिका तुम्हाला वाटते तितकी कडक नाही. छोट्या गावात खोल्या मोजक्या, आणि शुक्रवार-शनिवारी जवळच्या शहरातली माणसं उतरतात. तेवढ्या दोन रात्री आधी पक्क्या करा. आठवड्याच्या मधल्या रात्री मोकळ्या ठेवल्या तरी चालतं. एखादं गाव आवडलं तर तिसरी रात्र तिथेच काढता येते. बोट, भरती, अंधार पडण्याची वेळ आणि शनिवारची खोली, एवढ्या चारच गोष्टी मी कागदावर लिहितो. बाकीचा कागद कोरा असतो. परीक्षेचं वेळापत्रक असं असतं तर मी बरा विद्यार्थी निघालो असतो.

गावात शिरताना मात्र एक करा. गाडी वेशीबाहेर लावा आणि चालत जा. जुन्या बंदरांच्या गल्ल्या हातगाडीच्या मापाच्या असतात. आत शिरलेली गाडी मागे घेताना अख्खं गाव मदतीला येतं आणि प्रत्येकजण वेगळ्या दिशेला हात दाखवतो. गाडी उन्हात उभी राहणार असेल तर ‘दोन मिनिटांत येतो’ म्हणून कुणालाही आत ठेवू नका. बंद गाडी पहिल्या दहा मिनिटांतच सुमारे दहा अंशांनी तापते, काच बोटभर खाली असली तरी फारसा फरक पडत नाही. आणि सहल संपल्यावर गाडी खालून साध्या पाण्यानं धुऊन घ्या. मीठ रंगापेक्षा खालच्या लोखंडाला आधी खातं.

तुमच्या प्रतिक्रियेत शेवटच्या ओळीत एक प्रश्न होता, धाकट्याला वळणांवर मळमळतं त्याचं काय करायचं. बाकीच्या रागात तो बाजूला पडला, पण मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटला. कानातला तोल सांगतो की आपण वळतोय, आणि पुस्तकात किंवा फोनमध्ये घातलेले डोळे सांगतात की आपण स्थिर आहोत. पोट त्या भांडणात सापडतं. त्याला मागच्या सीटवर मधोमध बसवा, समोरच्या काचेतून लांबचा रस्ता दिसेल असं. फोन काढून घ्या. आणि ‘आता डावं वळण, आता उजवं’ असं आधी सांगायचं काम त्यालाच द्या. आमच्याकडे हे काम मुलीनं घेतलं तेव्हापासून पिशवी लागलेली नाही, फक्त गाडीत दुसऱ्या कुणाला बोलता येत नाही.