चार अक्षरांनी सहकारी कळत नाही

स्वयंसेवी संस्थांच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक संदेश फार फिरतो आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: प्रत्येक माणूस जन्मतःच सोळा स्वभावप्रकारांपैकी एका प्रकारात मोडतो आणि तो प्रकार बदलत नाही, हे वर्गीकरण स्विस मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांच्या सिद्धांतावर उभे असल्याने शास्त्रीय आहे, सहकाऱ्याचा प्रकार समजला की त्याच्याविषयी सहानुभूती आपोआप वाटू लागते, म्हणून संस्थेने सर्वांची मायर्स-ब्रिग्ज चाचणी घ्यावी, निकाल सर्वांसमोर मांडावेत आणि कामे त्यानुसार वाटून द्यावीत.

माझी भाची मराठवाड्यात बचत गटांबरोबर काम करते. तिच्या संस्थेने हा सल्ला तंतोतंत पाळला. एका दिवसाच्या कार्यशाळेनंतर तिच्या नावापुढे ‘आयएसएफजे’ ही चार अक्षरे (सोळांपैकी एका प्रकाराची खूण; पहिले अक्षर ‘आय’ म्हणजे अंतर्मुख) लिहिलेला तक्ता कार्यालयाच्या भिंतीवर लागला आणि पंचायत समितीतल्या पाठपुराव्याचे काम तिच्याकडून काढून घेण्यात आले. अंतर्मुख व्यक्तीला अशा कामाचा ताण येतो, हे त्यामागचे कारण. तिने मला फोनवर विचारले, “मावशी, मी मुळातच अशी आहे का गं?” हा प्रश्न एका हुशार, कष्टाळू मुलीच्या मनात पेरला गेला, याचा मला संताप आहे.

शास्त्रीयतेचा मुद्दा फार वेळ घेण्याजोगा नाही. युंग यांचा स्वभावप्रकारांवरील ग्रंथ १९२१ सालचा. तो निरीक्षणातून आणि चिंतनातून आलेला आहे, मोजमापातून नव्हे. त्यावरून प्रश्नावली रचली ती कॅथरिन ब्रिग्ज आणि इसाबेल ब्रिग्ज मायर्स या अमेरिकी मायलेकींनी. दोघींपैकी एकीचेही मानसशास्त्राचे औपचारिक शिक्षण झालेले नव्हते. एवढ्यावरून त्यांचे काम टाकाऊ ठरत नाही, परंतु युंग यांचे नाव पुढे करून शास्त्राचा शिक्काही त्यावर मारता येत नाही.

प्रकार बदलत नाही, या दाव्याची परीक्षा मात्र झालेली आहे. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड पिटेंजर यांनी १९९३ साली या चाचणीवरील उपलब्ध संशोधनाचा आढावा घेतला. पाच आठवड्यांसारख्या अल्प अंतराने तीच चाचणी पुन्हा दिली असता ५० टक्क्यांपर्यंत लोक वेगळ्या प्रकारात गेल्याचे त्यात नमूद आहे. याचे कारण चाचणीच्या रचनेतच आहे. अंतर्मुखता आणि बहिर्मुखता हे दोन कप्पे नसून एक सलग पट्टी आहे आणि बहुतेक माणसे त्या पट्टीच्या मध्याजवळ असतात. चाचणी नेमकी मध्यावर रेघ ओढते. त्यामुळे एक-दोन उत्तरे इकडची तिकडे झाली की अक्षर बदलते, आणि रेघेच्या दोन्ही बाजूंना अगदी लगत असलेली दोन माणसे परस्परविरुद्ध स्वभावाची ठरतात. शिवाय माणूस चिंतेने किती लवकर ग्रासला जातो, हे ही चाचणी मोजतच नाही. क्षेत्रीय कामात माणसे थकून बाहेर पडतात त्याच्याशी जवळचा संबंध असलेली गोष्टच तिच्यातून सुटलेली आहे.

आता सहानुभूती आणि कामाची वाटणी. या संदेशाने सर्वाधिक हानी होते ती येथे. माझी भाची कार्यालयातल्या मासिक बैठकीत गप्प असते, हे खरे आहे. ती बैठक अर्धीअधिक इंग्रजीत चालते, वरिष्ठांनी आधीच ठरवलेले निर्णय तिथे सांगितले जातात आणि क्षेत्रीय कार्यकर्त्यांची पाळी आली तरी जेवणाच्या वेळेच्या तोंडावर येते. हीच मुलगी गावात ओट्यावर बसून पंधरा-वीस बायकांसमोर कर्जाच्या हप्त्याचा हिशोब मांडते, नवऱ्याने परस्पर उचललेल्या रकमेचा विषय न कचरता काढते आणि गटविकास अधिकाऱ्यांच्या टेबलासमोर फाइल पुढे सरकेपर्यंत उभी राहते. तिचे गप्प बसणे त्या बैठकीच्या रचनेतून आलेले आहे. तू का बोलत नाहीस, असे तिला कोणी विचारले असते तर ते पाच मिनिटांत कळले असते. प्रकार ठरल्यामुळे विचारण्याची गरजच कोणाला वाटली नाही. ज्या साधनाने सहकाऱ्याला प्रश्न विचारणे थांबते, त्याला सहानुभूतीचे साधन म्हणणे मला मान्य नाही. भाषा, जात, लिंग आणि पद यांमुळे ज्यांचा आवाज आधीच दबलेला असतो, त्यांच्याच वाट्याला ‘अंतर्मुख’ हा शिक्का प्रथम येणार, आणि मग दोष बैठकीचा न राहता त्यांच्या स्वभावाचा होणार.

एक गोष्ट मान्य करावी लागेल. ज्या संस्थेत कामाखेरीज कोणी कोणाशी बोलतच नाही, तिथे अशा कार्यशाळेने संवादाला निमित्त मिळते. मला विचार करायला वेळ लागतो, एवढे सांगण्याचे धैर्य एखाद्याला येते. माणसांच्या स्वभावात खरे फरक असतात, याविषयीही वाद नाही. पण हा लाभ निवांत बोलण्याचा आहे. त्यासाठी अक्षरे लागत नाहीत आणि तक्ता तर मुळीच लागत नाही.

सहकाऱ्यांमधल्या संघर्षाचे मूळ स्वभावात आहे, हे या संदेशामागचे गृहीतकही तपासले पाहिजे. परकीय देणग्यांविषयीच्या कायद्यात २०२० साली दुरुस्ती झाली. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली आणि मोठ्या संस्थेने लहान संस्थेला तो निधी पुढे देणे बंद झाले. पैसा असा आटल्यावर दोघांचे काम एकाच्या गळ्यात पडले आणि मानधन महिनोन्‌महिने लांबले, तर कोणत्याही चार अक्षरांची माणसे एकमेकांवर चिडतील. ते भांडण पगारपत्रकासमोर बसूनच सोडवावे लागते.

चाचणीच्या पुरस्कर्त्यांनी स्वतः घालून दिलेले नीतिनियमही या संदेशाच्या विरोधात आहेत. चाचणी ऐच्छिक असावी, निकाल गोपनीय राहावा, उमेदवारांना गाळण्यासाठी तिचा वापर करू नये आणि प्रकाराच्या आधारे कोणावर शिक्का मारू नये किंवा कोणाला मर्यादा घालू नयेत, असे ते नियम सांगतात. तेव्हा ज्या संस्थांनी असे तक्ते लावले आहेत, त्यांनी ते उतरवावेत; चाचणीच्या निकालावरून बदललेली कामे ज्याची त्याला विचारून परत द्यावीत; आणि पुढची मासिक बैठक मराठीत घेऊन तिची सुरुवात क्षेत्रीय कार्यकर्त्यांच्या मांडणीने करावी.