महागाई आटोक्यात ठेवायची, तर मराठवाड्याच्या शेतकऱ्यानं काय करावं

देशाच्या अर्थव्यवस्थेत शेतीचं स्थान किती मोठं आहे, हे दादा तुम्ही शाळेत घोकलंयच. देशातली निम्म्याच्या आसपास कामकरी माणसं शेतीत, आणि उत्पन्नात शेतीचा वाटा पाचव्या हिश्शाहूनही कमी. थोडक्या पैशात एवढा गोतावळा पोसायचा, हे तुमचं मुख्य काम. ते सोडू नका.

सोयाबीन पेरा. पेरताना हमीभाव वाचावा, पेरणीला हुरूप येतो. 2024 च्या हंगामात तो क्विंटलला 4892 रुपये होता. लातूरच्या मोंढ्यात सौदे त्याच्या बरेच खाली होत होते. पण मधला फरक शहरातल्या फोडणीला कामी आला, याचं समाधान मानावं. सरकारी केंद्रावर घालायचं तर दाण्यात ओलावा 12 टक्क्यांच्या आत लागतो. तेव्हा परतीच्या पावसाला जूनमध्येच तशी समज देऊन ठेवा. (पुढं नोव्हेंबरात मर्यादा 15 टक्के केली. तोवर ज्यांना देणं भागवायचं होतं त्यांनी माल घालून टाकला होता.)

मोंढ्यात शिस्तीनं उभं राहावं. व्यापारी कट्ट्यात हात घालतो, मूठभर दाणे काढतो, एक दाताखाली धरतो आणि म्हणतो, "हवा लय हाय, मालक." मग ओलावा मोजायचं यंत्र लावतात, तेही बहुधा त्याच्याच मताचं निघतं. ती मूठ परत कट्ट्यात पडली का, हे बघत बसू नये. आपण मालक आहोत.

खाद्यतेलाचं आयात शुल्क हा अवघड विषय, तुम्ही डोकं शिणवू नका. सप्टेंबर 2024 मध्ये, विधानसभा तोंडावर असताना, कच्च्या खाद्यतेलावर 20 टक्के मूळ शुल्क लागलं. मे 2025 मध्ये ते 10 वर आलं. तूर लावतो म्हणाल, तर तिची आयात 2021 मध्येच मोकळी केली.

एप्रिल ते जून 2020 मध्ये देशाचं उत्पन्न जवळपास चतुर्थांशानं घटलं, शेती तेवढी वाढली. पुण्याहून पोरं गावी आली, तुम्ही त्यांना भाकरी घातली. पुन्हा टाळेबंदी झाली तर हेच करायचं, ज्वारीची कणगी भरलेली असू द्या.

पोराचं लग्न जमवताना मात्र हे मोठं स्थान काढू नका. बायोडाटात आधी पुण्याची कंपनी, मग पॅकेज. पाच एकर शेती अगदी खाली लिहा, पण लिहा; पाव्हणे सातबारा मागतातच, फक्त मुलगा शेती करत नाही ना, हे दोनदा विचारून घेतात.