स्कॉट्सडेलला घर घ्यावं का?

गेल्या महिन्याभरात तिघांनी मला हाच प्रश्न विचारला. तिघंही न्यू जर्सीच्या बर्फाला कंटाळलेले. फोनवर तुकड्यातुकड्यांत सांगण्यापेक्षा एकदाच इथे सविस्तर लिहिते. आम्ही अकरा वर्षं अ‍ॅरिझोनात, स्कॉट्सडेलच्या उत्तर भागात राहतोय. मी मूळची म्हसवडची, म्हणजे साताऱ्याच्या दुष्काळी माण तालुक्यातली. हे आधीच सांगते, कारण पुढचं सगळं त्या नजरेतून आलंय.

ऑक्टोबर ते एप्रिल इथल्यासारखी हवा मी कुठेच अनुभवलेली नाही. सकाळी मॅकडॉवेल सोनोरन प्रिझर्वमध्ये चालायला गेलं की तासभर फक्त लावे, ससे आणि सग्वारो निवडुंग. हे रान ३० हजार एकरांहून मोठं आहे. एवढी सोन्याच्या भावाची जमीन बिल्डरच्या घशात जाऊ नये म्हणून इथल्या मतदारांनी १९९५ साली स्वतःवर जादा विक्रीकर लावून घेतला आणि जमीन विकत घेऊन राखली. मला या गावाचा खरा अभिमान वाटतो तो या गोष्टीसाठी. आमच्या अंगणात पुरुषभर उंचीचा एक सग्वारो आहे. त्याला अजून एकही फांदी नाही. हा निवडुंग पहिला हात काढायलाच पन्नास-पंचाहत्तर वर्षं घेतो. तो हात मी काही बघणार नाही, तरी रोज सकाळी त्याच्याकडे नजर जातेच. पहिला पाऊस पडला की क्रिओसोटच्या झुडपांचा जो वास सुटतो, तो आपल्या ओल्या मातीच्या वासाहून वेगळा, जरा उग्र. पण आता मी त्याचीही वाट बघते.

शाळा, रस्ते, सुरक्षितता, सगळं चांगलं आहे. त्यावर वेगळं लिहायला नको.

आता उन्हाळा. “कोरडी हवा आहे, जाणवत नाही” असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. २०२३ मध्ये शेजारच्या फिनिक्स शहरात सलग ३१ दिवस पारा ११० फॅरनहाइट, म्हणजे ४३ सेल्सिअस किंवा त्याहून वर गेला. म्हसवडलाही मे महिन्यात ऊन असतं, पण रात्री गच्चीवर वारा सुटतो, झोप लागते. इथे त्या वर्षीच्या जुलैत कित्येक रात्री ३२ अंशांच्या खाली उतरल्याच नाहीत. दुपारी चारला थंड पाण्याचा नळ सोडला तर हात पोळतो. म्हणून तांदूळ धुवायचं पाणी मी सकाळीच भरून ठेवते. त्या एका वर्षात आमच्या मॅरिकोपा काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, उष्णतेशी संबंधित ६४५ मृत्यू नोंदले गेले. आमच्यासारख्यांच्या घरी दोन-दोन एसी. जीव जातो तो रस्त्यावर राहणाऱ्याचा, एसी बंद पडलेल्या एकट्या म्हाताऱ्या माणसाचा. आमच्या गल्लीत छपराचं काम करणारी माणसं पहाटे अंधारातच येतात, कारण दहानंतर कौलाला हात लावता येत नाही. घर घेताना अंगणाचं, पूलचं कौतुक होतं. ते कोण आणि कोणत्या वेळी राखतं, हे कुणी दाखवत नाही.

आणि एकटेपणा. पायी जाऊन भाजी आणावी असं इथे काही नाही. बरीच मराठी मंडळी चँडलरच्या बाजूला. मॅरिकोपा गावातल्या महागणपती मंदिरात जायचं म्हणजे एका बाजूने तासाभराहून जास्त. आई आली तेव्हा हौसेने पापड लाटले, ड्राइव्हवेवर प्लास्टिक अंथरून वाळत घातले. दुपारपर्यंत खडखडीत वाळले! चार दिवसांनी सोसायटीचं पत्र: दर्शनी भागात वस्तू वाळत घालू नयेत, पुन्हा आढळल्यास दंड. आईला ते पत्र वाचून दाखवताना मला फार वाईट वाटलं.

पण मला खरं सांगायचंय ते पाण्याचं. २०२३ चाच जानेवारी. ओळखीच्या एका कुटुंबाला पाण्याचे कॅन द्यायला आम्ही रिओ व्हर्दे फूटहिल्सला गेलो. आमच्या घरापासून जवळच, पण शहराच्या हद्दीबाहेर. मोठं घर, मागे घोडे, आणि सिंकशेजारी कागदी ताटल्यांची चवड, कारण भांडी घासायला पाणी नाही. त्या वस्तीत शेकडो घरांना नळ नव्हताच. टँकर स्कॉट्सडेलमधून भरून यायचे. कोलोरॅडो नदीला तूट आली, आधी आपल्या नागरिकांचं पाणी राखायला हवं, म्हणून शहराने १ जानेवारीपासून ते बंद केलं. आता टँकर लांबून, दुप्पट-तिप्पट खर्चाने येत होते. आई दारात उभी राहून टँकरकडे बघत राहिली. “हितं बी टँकर?” एवढंच म्हणाली. बाहत्तरच्या दुष्काळात तिने खडी फोडलीय.

शहराचं चुकलं असं मी म्हणणार नाही. चूक त्या पळवाटेची. सहा किंवा जास्त प्लॉट पाडायचे तर इथे शंभर वर्षांच्या पाण्याचा पुरावा द्यावा लागतो. पाच किंवा कमी पाडले की लागत नाही. मग पाच-पाच करत अख्खी वस्ती उभी राहिली. राज्याने त्याच वर्षी कायदा करून तात्पुरती सोय केली, पण ते महिने त्या लोकांनी कसे काढले ते मी पाहिलंय.

आमच्या नळाचं पाणीही मोठ्या प्रमाणात त्याच कोलोरॅडो नदीचं. नदीवरच्या लेक हवासू जलाशयापासून पंप लावून, डोंगर चढवून, ५४० किलोमीटरच्या कालव्यातून टूसॉनपर्यंत नेलेलं. आपल्याकडे यालाच उपसा सिंचन म्हणतात. उरमोडी धरणाचं पाणी असंच माणात आलंय. ते आल्यावर गावात झालेला आनंद मला ठाऊक आहे, म्हणून इथे कुणी दारात हिरवळ लावून दुपारी फवारे सोडतं तेव्हा जीव तुटतो. शहराने २०२३ पासून नव्या घरांपुढे खरं गवत लावायला बंदी केली, ते फार बरं झालं. जुन्या घरांचं गवतही जायला हवं. आम्ही आमचं काढलं. भाज्या-तांदूळ धुतलेलं पाणी आई असताना लिंबाला जायचं, ते अजूनही तसंच जातं.

तर, घर घ्या. पण शहराची हद्द कुठवर आहे आणि नळात पाणी कुठून येतं, हे किचनचा ओटा बघण्याआधी विचारा. आणि घर बघायला फेब्रुवारीत येऊ नका, तेव्हा कुणीही प्रेमात पडतं. जुलैत चार दिवस या. आमच्याकडे एक खोली रिकामी आहे.