हात सैल सोडा, ताई

नेल स्पाहून आले की आपण सांगतो, मस्त लाड करून घेतले. पण लाड करून घ्यायचीही एक रीत असते. मला ती उशिरा कळली, आणि कळली तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पायाच्या अंगठ्याचं नख पिवळट पडून जाड झालं होतं. मी शहाणी, त्यावर गडद मरून रंग फासून पेडिक्युअरला जाऊन बसले. पाय टबात जायच्या आधी मुलीने रिमूव्हरचा कापूस अंगठ्यावरून फिरवला आणि तिचा हात थांबला. जवळ वाकून हळूच म्हणाली, "ताई, हे आधी डॉक्टरांना दाखवा. आज नको करूया." हातातला फायलर कचऱ्यात टाकला, ग्लोव्हज बदलले. शेजारच्या खुर्चीतल्या बाईंना कशाचा पत्तासुद्धा लागू दिला नाही. मी मात्र माझ्यानंतर त्या टबात पाय घालणाऱ्या बाईचा विचारही केला नव्हता.

हे प्रकरण साधं नसतं. २००० साली कॅलिफोर्नियात एका नेल सलूनच्या फूटबाथमुळे शंभरावर गिऱ्हाइकांच्या पायांवर फोड आले होते. टबाच्या जाळीमागे केस आणि त्वचेचा गाळ साचला होता, त्यात जंतू वाढले. पायांवर रेझर फिरवून आलेल्यांना धोका जास्त होता, कारण रेझरने पडलेले बारीक चरे डोळ्यांना दिसत नसले तरी जंतूंना पुरतात. म्हणून पेडिक्युअरच्या आदल्या दिवशी रेझर नको. आणि "टब धुतलाय का? अवजारं निर्जंतुक केलीत का?" हे बेधडक विचारा. गोड आवाजात विचारलं की कुणाला राग येत नाही. आलाच तर उठून यावं.

नखाच्या कडेच्या कातडीबद्दल, म्हणजे क्युटिकलबद्दल, मी हट्टी झालेय. कापू देत नाही, मऊ करून मागे सारायला सांगते. ती कातडी म्हणजे नखाच्या मुळाशी लावलेलं सील आहे, ते तोडून सुंदर दिसायचं कशाला? जेल नेलपॉलिश काढताना कुणी खरवडायला लागलं तरी मी थांबवते. ॲसिटोनमध्ये दहा-पंधरा मिनिटं भिजलं की ते सुटतं. घाई केली तर नखाचा थरही सोबत निघतो.

बाकी रीत म्हणाल तर फोन पर्समध्ये. एका हाताने रील सरकवत दुसरा हात पुढे केला की तो ताठ राहतो, आणि समोरची बिचारी दर दोन मिनिटांनी म्हणते, "हात सैल सोडा, ताई." आकार आवडला नसेल तर फायलिंग चालू असतानाच सांगा, तिसरा कोट लागल्यावर नाही. दुखलं तर लगेच. सोसून घरी यायचं आणि मग मैत्रिणींत तिची उणीदुणी काढायची, हे मला शुद्ध वाईट वाटतं. पैसे रंग लावायच्या आधी देऊन टाका. पर्समध्ये पाकीट शोधताना मी एकदा ताजा अंगठा असा काही खरवडला की तिने कपाळाला हात लावला, आणि मुकाट्याने पुन्हा बाटली उघडली.

पायाच्या अंगठ्याचं नख मुळापासून नवं यायला वर्ष-दीड वर्ष लागतं. तेवढं थांबले, औषध घेतलं. परवा त्याच मुलीकडे गेले, रंग न लावता. तिने अंगठा दिव्याखाली धरला, या बाजूने त्या बाजूने बघितला आणि म्हणाली, "शेड कुठली देऊ?"