घरची भाषा आणि ‘फुकटचं क्रेडिट’

अमेरिकेतल्या पालकांमध्ये एक मजकूर सतत फिरत असतो. घरी मातृभाषा बोलणाऱ्या मुलांना हायस्कूलमध्ये एका परीक्षेवर चार-चार क्रेडिट (हायस्कूल पूर्ण करायला लागणारी विषयांची एककं) फुकट मिळतात, स्पॅनिशच्या वर्गात वर्षानुवर्षं बसणाऱ्यांवर हा अन्याय आहे आणि अशानं शाळेतलं भाषाशिक्षणच बंद पडेल, असं त्यात म्हटलेलं असतं. आपल्यातलेही काहीजण तो मान डोलावून पुढे पाठवतात, याचं मला फार वाईट वाटतं. परीक्षा घेऊन भाषेचं क्रेडिट देण्याच्या वॉशिंग्टन राज्यातल्या नमुना धोरणाचं उदाहरण घेऊन एकेक मुद्दा बघू.

आधी ‘फुकट’. क्रेडिट किती द्यायचं हे ॲक्टफल या अमेरिकेतल्या भाषाशिक्षकांच्या संस्थेनं ठरवलेल्या पायऱ्यांवरून ठरतं. नॉव्हिस म्हणजे नवशिक्या, इंटरमीडिएट म्हणजे मधली पातळी, आणि त्यांत लो, मिड, हाय अशा चढत्या पायऱ्या: नॉव्हिस मिडला १, नॉव्हिस हायला २, इंटरमीडिएट लोला ३ आणि इंटरमीडिएट मिडला ४. पण मुलाची सगळ्यात चांगली बाजू धरून हिशेब होत नाही. बोलणं, ऐकणं, वाचणं, लिहिणं यांपैकी जे कौशल्य सगळ्यात कच्चं, त्याच्या पायरीवर क्रेडिट ठरवावं, अशी धोरणाची शिफारस आहे. समजा, एक मुलगी इंदूरच्या आजीशी फोनवर तासभर हिंदीत गप्पा मारते, पण वाचताना जोडाक्षर आलं की अडखळते आणि लिहिताना पाठ केलेल्या चार शब्दांपलीकडे जात नाही. बोलण्यात ती इंटरमीडिएट मिडला असेल, लिहिण्यात मात्र नॉव्हिस मिडलाच. म्हणजे हातात क्रेडिट पडणार एक. पुढची तीन हवी असतील तर तिला बसून लिहायला-वाचायला शिकावंच लागेल. उत्तर अमेरिकेतल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळांत सुट्टीच्या दिवशी बाराखडी गिरवणारी मुलं बघा आणि मग ही मेहनत फुकटची आहे का ते सांगा.

‘वर्गात बसणाऱ्यांवर अन्याय’ हा मुद्दा वरवर पटतो. पण तासांवर क्रेडिट मोजायची पद्धत आली कुठून? १९०६ च्या सुमारास कार्नेगी फाउंडेशननं प्राध्यापकांच्या पेन्शनसाठी कॉलेजं निवडताना एक माप रूढ केलं: एका विषयाचे वर्षभरात १२० तास म्हणजे एक युनिट. आजचं क्रेडिट त्यातूनच आलं. मूल किती शिकलं हे मोजायला ते माप कधी केलेलंच नव्हतं. वर्गात जेमतेम ‘डी’ मिळवून पास झालेल्या मुलालाही पूर्ण क्रेडिट मिळतं, आणि त्याला कुणी अन्याय म्हणत नाही! उलट परीक्षेतून मिळालेलं क्रेडिट गुणपत्रिकेवर नुसतं ‘पास’ म्हणून नोंदवायचं असतं. त्यानं कुणाचा जीपीए (सगळ्या विषयांच्या गुणांची सरासरी) फुगत नाही, कुणाचा नंबर खाली जात नाही. शिवाय ही परीक्षा सगळ्यांना खुली आहे. वर्गात बसून स्पॅनिश शिकलेला मुलगाही ती देऊ शकतो.

वर्ग ओस पडतील ही भीती मला सगळ्यात पोकळ वाटते. घरी स्पॅनिश बोलणाऱ्या मुलीला पहिल्या वर्षाच्या वर्गात ‘ओला’ (नमस्कार) म्हणायला बसवून भाषाशिक्षण वाचत नाही, तिचं वर्ष तेवढं वाया जातं. क्रेडिट हातात असलं तर ती वरच्या वर्गात जाईल, नाहीतर जपानी किंवा फ्रेंच घेईल.

तक्रारच करायची तर ती वेगळी आहे. हे धोरण नमुना म्हणून दिलेलं आहे, त्यामुळे आपल्या स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये (त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेत) ते कसं लागू आहे हे विचारूनच कळतं. तयार चाचणी नसलेल्या भाषांसाठी खास परीक्षा ठरवावी लागते आणि तिची फी कुणी भरायची हा प्रश्न राहतोच. दोन-दोन नोकऱ्या करणाऱ्या आई-बापांपर्यंत या सोयीची माहिती पोचेलच असं नाही. तो मजकूर पुढे ढकलण्याआधी आपल्या डिस्ट्रिक्टच्या बैठकीत एवढं तरी विचारा: आमच्याकडे हे धोरण लागू आहे का, आणि परीक्षेची फी कोण भरतं?